पुढचं शीड, आतला स्टे आणि सात मिलिमीटरची तार: पावसाळा संपायच्या आत ठरवायचंय

शिरोलीचा लेथवाला (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

माझी बोट ३१ फुटी, फायबरची, १९८४ ची बांधणी. एक डोलकाठी, मास्टहेड स्लूप (पुढं एक शीड, त्याची तार थेट डोलकाठीच्या माथ्यापर्यंत), वजन साडेचार टनांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी गोव्यातून सेकंडहँड घेतली, नाव ठेवलं 'ताराराणी'. ती असते विजयदुर्गला वाघोटनच्या खाडीत, मेव्हण्याच्या घराखाली. मी असतो कोल्हापुरात. गगनबावडा, करूळ घाट, तळेरे करत गेलं की निम्मा दिवस जातो. सध्या बोट काठावर ओढून ताडपत्रीखाली आहे. डोलकाठी उतरवून घोड्यांवर ठेवलीय आणि सगळ्या तारा वेटोळी करून बोलेरोच्या टपावरून शॉपमध्ये आणल्यात. फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, तेवढा फर्लरच्या (पुढचं शीड गुंडाळायच्या फिरत्या यंत्राच्या) नळीतच आहे, तो तिकडंच राहिला. इकडं राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, काम थंड आहे, त्यामुळं दिवसभर डोक्यात हेच.

आता झालं काय ते सांगतो. गेल्या फेब्रुवारीत मालवणहून विजयदुर्गला परत येत होतो. तीस सागरी मैल, समोरून वारा. सकाळी आठला निघालो. दुपारी दोनच्या सुमाराला देवगडचा दिवा उजव्या हाताला, वायव्येचा वारा वीस नॉटला टेकलेला. पुढं १५० टक्क्यांचं जुनं जिनोआ, म्हणजे डोलकाठीच्याही मागं येणारं मोठं पुढचं शीड. निम्मं गुंडाळलं आणि फर्लर अडकला. पुढं जाईना, मागं येईना. बायको सुकाणूवर, पोरगी दोर धरून, आणि मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, पालथा पडून ड्रम हातानं फिरवतोय. मान वर करून बघितलं तर वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळावं तसं हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, फोरस्टेभोवती गुंडाळलेलं. मग मी एक शहाणपणा केला. फर्लिंगचा दोर विंचला घातला आणि हँडल मारलं. वरून कडकन आवाज आला तेव्हा थांबलो. शीड तसंच अर्धवट फडफडत, इंजिनावर, रात्री आठला खाडीत शिरलो. बायको त्या दिवसापासून त्या शिडाला 'सवत' म्हणते.

तर आता सगळंच नव्यानं करायचं म्हणतोय. मापं अशी: डेकपासून फोरस्टेच्या वरच्या टोकापर्यंत उंची १२.२ मीटर, डोलकाठीच्या पुढच्या अंगापासून फोरस्टेच्या बुडापर्यंत ३.९ मीटर. म्हणजे पुढचा त्रिकोण २३.८ चौरस मीटर. स्प्रेडरची, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांची, एकच जोडी. कॅप श्राउड (माथ्यापासून दोन्ही बाजूंना येणाऱ्या तारा), फोरस्टे आणि बॅकस्टे (मागची तार) ७ मिमी, लोअर (स्प्रेडरपासून खाली येणाऱ्या) ६ मिमी, सगळी १×१९, म्हणजे एकोणीस काड्यांची तार. तारा किती जुन्या ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही.

माझ्या डोक्यात आहे ते असं. तार सरसकट ८ मिमी करावी. आमच्या धंद्यात शंका आली की एक साईज वर जायचं, तसंच. फोरस्टेच्या मागं एक आतला स्टे बसवून बोट कटर, म्हणजे पुढं दोन शिडांची, करावी, म्हणजे जोराच्या वाऱ्यात लहान शीड वेगळं लावता येईल. त्याचं खालचं फिटिंग मी डेकवर बोल्ट मारून बसवीन, खाली जाड वॉशर प्लेट देऊन. चेनप्लेट (तारा बोटीला धरणाऱ्या पट्ट्या), टॉगल (तारेच्या टोकाचे हलते सांधे) वगैरे सगळं घरीच करीन, लेथ आहे, मिलिंग आहे, आर्गन वेल्डर आहे. आणि नवीन जिनोआ १५० चंच घ्यावं की लहान? दोन जिनोआ एकाच फर्लरवर जोडीनं चढवायची एक पद्धत वाचली, ती पण भारी वाटली.

चुका काढा. पैसे अजून खर्च झालेले नाहीत.


खासबागचा गडी

भावा, कोल्हापुरात शिडाची बोट! रंकाळ्यात घाल की, संध्यामठाला वळसा मारून ये आणि भेळ खा. आतला स्टे, बाहेरचा स्टे, हे काय कळंना, पर नाद खुळा हाय गड्या.


शिरोलीचा लेथवाला

गड्या, हसू नको. मालवणचा सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत आपल्या करवीरच्या गादीकडंच होता. दर्या आपल्याला नवा न्हाई, मधी दोनशे वर्षांचा खाडा पडलाय एवढंच. भेळ मात्र तुझ्याकडं लागू.


निवृत्त सारंग (रत्नागिरी)

शिरोलीकर, तुमचं सगळं लक्ष लोखंडावर आहे. वाऱ्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, त्यावरून सुरुवात करतो.

सकाळी आठला मालवणहून उत्तरेला निघालात, तिथंच निम्मी चूक झाली. आपल्या किनाऱ्याला पावसाळा सोडला तर दिवसाला दोन वारे. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई, पूर्वेचा, हलका, पाचसात नॉटचा, समुद्र ताटलीसारखा. नऊदहाला तो मरतो. तासदीड तास काही नाही. मग खारा वारा वायव्येकडून उठतो आणि दुपारी दोन ते पाच चांगला जोर धरतो, फेब्रुवारीपासून पुढे तर जास्तच. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी असतो, उत्तरेला येणाऱ्याच्या तोंडावर. जुने गलबतवाले उत्तरेला येताना पहाटे तीनला नांगर उचलत, मतलईवर किनारा धरून चालत आणि खारा वारा भरायच्या आत जवळच्या खाडीत शिरत. तुम्ही तीनला निघाला असतात तर वारा पडेपर्यंत देवगडच्या आसपास पोचला असतात. दुपार देवगड बंदरात झोपून काढायची, दुसऱ्या पहाटे विजयदुर्ग.

म्हणून शीड निवडताना हे डोक्यात ठेवा की तुम्हाला एकाच दिवसात पाच नॉट आणि वीस नॉट दोन्ही भेटणार. महासागर ओलांडणाऱ्यांसाठी लिहिलेलं वाचून शिडं मागवू नका. त्यांना आठ-आठ दिवस पाठीमागून एकच वारा असतो, जोडीची दोन जिनोआ त्यांच्यासाठी. तुम्ही ती चढवेपर्यंत इथला वारा बदललेला असेल. गोव्याला जाताना एका बाजूला मुख्य शीड, दुसऱ्या बाजूला काठी लावून जिनोआ, एवढं पुष्कळ झालं.

आता हॅलयार्ड गुंडाळलं गेलं त्याबद्दल. हा फर्लरचा दोष नसतो. शिडाच्या डोक्याला जो फिरता स्विव्हल असतो, त्याचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो, वरचा स्थिर राहायला पाहिजे. तो स्थिर राहतो हॅलयार्ड मागे डोलकाठीकडे तिरकं ओढत असेल तरच. दहा अंशांच्या आसपास कोन हवा. शिडाची पुढची कड आखूड असली की स्विव्हल खूप खाली राहतो, हॅलयार्ड फोरस्टेला समांतर धावतं आणि स्विव्हलबरोबर तेही फिरायला लागतं. तुमचं शीड कधीतरी कापून आखूड केलेलं असणार. स्विव्हल टोकापासून किती खाली राहत होता, ते फोटोत बघा. अर्धा-पाऊण मीटर असेल तर शिडाचं डोकं आणि स्विव्हल यांच्यामध्ये तेवढाच दोराचा तुकडा घाला. सवतीचा काही दोष नाही, तिला उंची कमी पडली.

आणि विंच मारलात ते वाईट केलंत. हॅलयार्ड गुंडाळलेलं असताना जोर लावला की फोरस्टेचा पीळ उलगडतो. तो फर्लरच्या नळीच्या आत असतो, बाहेरून काही दिसत नाही. नळी काढून तार बघितल्याशिवाय डोलकाठी उभी करू नका.


शीडवाली (पणजी)

लेथवाले काका, मी शिडं शिवते आणि शिवलेली दुरुस्त करते, त्यामुळे माझं उत्तर कापडाच्या बाजूने.

१५० टक्के विसरा. टक्केवारी म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून, म्हणजे क्लूपासून, पुढच्या कडेवर काटकोनात टाकलेलं अंतर, भागिले तुमचे ते ३.९ मीटर. १५० ला ते अंतर ५.८५ मीटर होतं. पुढची कड १२ मीटर धरली तर शीड ३५ चौरस मीटर. १३० ला तेच ५.०७ आणि ३०.४ चौरस मीटर. फरक साडेचार चौरस मीटरचा. पहाटेच्या मतलईत तो थोडा जाणवेल. दुपारी मात्र मोठं शीड तुम्हाला जवळजवळ रोज गुंडाळून वापरावं लागेल, आणि गुंडाळलेलं शीड हे कधीच चांगलं शीड नसतं. साधारण तीस टक्क्यांपर्यंत गुंडाळलं तर आकार टिकतो, त्यापुढे मधला फुगवटा पोत्यासारखा होतो आणि बोट वाऱ्याकडे चढायचं सोडून आडवी पडते. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेतली तर गुंडाळताना तो फुगवटा थोडा खाल्ला जातो. ती नक्की घ्या. १३० चं तीस टक्के गुंडाळलं की २१ चौरस मीटर उरतं, अठरा नॉटपर्यंत त्यावर काम भागतं.

जोराचा हिशेब पण बघा, म्हणजे काकूंना पटेल. शिडाचा दोर, शीट म्हणतो तो, त्यावर येणारा भार किलोत काढायचा ठोकताळा असा: चौरस मीटर गुणिले वाऱ्याच्या नॉटचा वर्ग गुणिले ०.०२१. पूर्ण उघडं १५० वीस नॉटला जवळजवळ तीनशे किलो ओढतं. १३० अडीचशेच्या जरा वर. दोन्ही तुमच्या मुलीच्या हातात द्यायची नाहीत. मी खाली सांगते ते तेरा चौरस मीटरचं शीड पंचवीस नॉटलासुद्धा एकशे सत्तरच्या आसपास ओढेल.

गुंडाळलं की शीट ज्यातून जाते ती डेकवरची गाडी रुळावर पुढे सरकवायची, हे निम्मे लोक विसरतात. शिडाला लोकरीचे धागे लावलेले असतील तर वाऱ्याकडे चढताना बघा: वरचा आतला धागा आधी फडफडला तर गाडी फार मागे आहे, पुढे घ्या. खालचा आधी फडफडला तर उलटं.

आता तुमचा आतला स्टे. कल्पना चांगली, जागा चुकीची. डेकवर बोल्ट आणि खाली वॉशर प्लेट असं करू नका. तो स्टे डेक दाबत नाही, वर उपटतो. एक टनाची ओढ सहज येते, आणि एवढ्या जुन्या बोटींच्या डेकमध्ये बहुतेक वेळा आत बाल्साचं लाकूड असतं. प्लेट कितीही जाड द्या, डेक पापडासारखं वर येईल. फिटिंगच्या बरोबर खाली, डेकच्या आतून, एखाद्या भक्कम आडव्या भिंतीला किंवा नाळेच्या कण्याला धरून ठेवणारी ओढपट्टी हवी. नांगराच्या कप्प्याची मागची भिंत फोरस्टेपासून किती मागे आहे? ती हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, नीट लॅमिनेट केलेली आहे का? ते आधी बघा.

दुसरं टोक वर कुठे धरायचं, यावर सगळं अवलंबून आहे. फोरस्टेला समांतर घेतलात तर तो डोलकाठीच्या पाऊण उंचीवर येईल. तिथे मागून धरायला काहीच नाही, तुमचे लोअर तर स्प्रेडरपाशी संपतात. मग डोलकाठी मध्येच पुढे वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना सोडबांध करायचे रनिंग बॅकस्टे लागतात आणि प्रत्येक वळणाला एक सोडा, एक बांधा. तिघांच्या कुटुंबाला ते जड जाईल. त्यापेक्षा वरचं टोक डोलकाठीच्या माथ्याजवळ, तीस-चाळीस सेंटिमीटर खाली घ्या, त्याला सोलंट म्हणतात. तिथे मागून तुमचा कायमचा बॅकस्टेच धरतो, रनर लागत नाहीत. दोन्ही स्टे वर जवळ येतात त्यामुळे जिनोआ त्या फटीतून वळवता येत नाही. म्हणून हा स्टे काढघाल करता येईल असा करा. एरवी डोलकाठीच्या बुडाशी आणून बांधून ठेवायचा, हवा बिघडणार असं वाटलं की सकाळीच पुढे नेऊन ताणायचा.

तारेऐवजी तो डायनिमाच्या, म्हणजे फार मजबूत सिंथेटिक धाग्याच्या, दोराचा करा. हलका असतो, बांधून ठेवताना डेक ओरबाडत नाही. पण टोकांना स्प्लाइस, म्हणजे दोर दोरातच विणून केलेला फासा, हवी, गाठ मारली की निम्मी ताकद गेली. कोकणच्या उन्हात तो दर हंगामात थोडा लांबतोही, तेव्हा खाली ताणायला जागा ठेवा.

त्यावर हँकचं (स्टेला कड्यांनी अडकवायचं) एक शीड, १३ चौरस मीटर, मध्ये रीफची, म्हणजे शीड लहान करून बांधायची, एक ओळ. ती बांधली की ७.४ च्या वर उरता कामा नये. ७.४ च का, तर वादळी जिबची, म्हणजे वादळात लावायच्या लहान पुढच्या शिडाची, शर्यतींच्या सुरक्षा नियमातली मर्यादा उंचीच्या वर्गाच्या पाच टक्के आहे. १२.२ चा वर्ग १४८.८, त्याचे पाच टक्के ७.४. एकाच शिडात दोन कामं होतात आणि बोटीवर एक पिशवी कमी.


तारकाम (नवी मुंबई)

वरच्या दोघांनी बरंच सांगितलं. मी फक्त तारेवर बोलतो, पोट त्यावरच चालतं.

८ मिमी करू नका. ७ मिमीच्या चांगल्या ३१६ स्टेनलेस तारेची तुटायची ताकद साडेतीन टनांच्या पुढे असते, एवढ्या बोटीला ती मूळ डिझाइनरने विचार करूनच दिली आहे. तार जाड केली की वर वजन वाढतं, आणि डोलकाठीच्या टोकाला चढवलेला प्रत्येक किलो बोट डोलवतो. त्याहून महत्त्वाचं, तुम्ही स्वतः मशीनवाले आहात: जाड तारेला जाड पिन, जाड पिनला चेनप्लेटचं भोक मोठं, म्हणजे भोकाच्या कडेला उरणारं मटेरियल कमी. साखळीची एक कडी जाड करताना दुसरी पातळ केलीत. तार बहुतेक वेळा मध्ये तुटतच नाही. ती तुटते जिथे टोकाच्या फिटिंगमध्ये शिरते तिथे, आणि खालच्या टोकाला जास्त, कारण पाणी ओघळून त्यात साचतं.

वय माहीत नसलेली तार म्हणजे बदलायची तार. दहाबारा वर्षांनंतर विमेवालेही विचारायला लागतात. आपल्याकडची गरमी आणि खारट हवा बघता मी तेवढंही थांबत नाही.

पण बदलण्याआधी जुनी फिटिंग तपासा, कारण कुठे काय बिघडलं ते पुढच्या वेळी कुठे बघायचं ते शिकवतं. तुमच्या शिरोलीत दर दुसऱ्या फाउंड्रीत बारीक भेगा दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटचे तीन डबे असतात. क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. मॅग्नेटिक तपासणीवाल्याकडे नेऊ नका, ३१६ चुंबकाला दाद देत नाही.

नवीन करताना खालच्या टोकांना दाबून बसवलेलं स्वेज न घेता पान्याने उघडणारं मेकॅनिकल टर्मिनल घ्या. आत एक शंकू असतो, तारेच्या बाहेरच्या काड्या त्याच्याभोवती बसतात. तार बदलताना टर्मिनल तेच राहतं, शंकू फक्त नवा. तुम्हाला प्रेसची गरज नाही. फोरस्टेला वर आणि खाली दोन्हीकडे टॉगल हवेतच. गुंडाळलेलं शीड वाऱ्यात बाजूला झोके खातं, टॉगल नसेल तर तो झोका तारेच्या मानेवर येतो.

टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे आट्यांचे स्क्रू, घरी करू नका. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे भाराखाली फिरवले की एकमेकांना चावतात, मग कापूनच काढावे लागतात. बॉडी ब्राँझची, स्क्रू स्टेनलेसचा, असा तयार घ्या. चेनप्लेट करायला हरकत नाही. मात्र ३१६ ची पट्टी, वेल्ड नाही, भोकांच्या कडा मोडलेल्या, आणि आरशासारखं पॉलिश. जुन्या चेनप्लेट सगळ्या ओढून बाहेर काढून बघा. डेकमधून जातात त्या दोन सेंटिमीटरमध्ये सीलंटच्या आड हवा पोचत नाही, स्टेनलेस तिथेच सडतं. वरून चकाचक दिसत राहतं.


शिरोलीचा लेथवाला

चौघांचेही आभार. रंकाळावाल्याचे पण.

रविवारी मित्राच्या फाउंड्रीत बसलो. सोळा खालची-वरची स्वेज टोकं, साफ करून, लाल रंग मारून, वीस मिनिटं ठेवून पुसली, पांढरं फवारलं. तेरा टोकं कोरी. दोन लोअरच्या खालच्या स्वेजवर केसासारखी लाल रेघ उमटली, तोंडापासून खाली साधारण बारा मिलिमीटर, लांबीच्या दिशेनं. तिसऱ्यावर ठिपके. तारकामवाले म्हणाले तसंच, तिन्ही खालच्याच अंगाची. कास्टिंगवर असली रेघ बघून मी गिऱ्हाइकाला जॉब परत पाठवलाय कितीदा. आणि त्याच तारांवर बायकोपोरीला घेऊन मालवणला गेलो होतो.

३१६ बद्दल एक अनुभव सांगतो. मागं एका दुकानातून ३१६ म्हणून आणलेला राऊंड बार आम्ही स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, लावला, तर मॉलिब्डेनम नावालाही नाही. ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के पाहिजे. बिल दाखवलं, तर दुकानदार म्हणतो "साहेब, चुंबक तर चिकटत नाही ना!" चुंबक २०२ ला पण चिकटत नाही. तेव्हा चेनप्लेटची पट्टी आधी स्पेक्ट्रोवर, मगच मिलिंगवर.

शीडवाली ताई, नांगराच्या कप्प्याची भिंत फोरस्टेपासून १.१ मीटर मागं आहे. मेव्हण्याला आत घुसवून फोटो काढून घेतले. दोन्ही बाजूंनी हलला लॅमिनेट केलेली दिसतेय, टकटक केलं की आवाज भरीव. समांतर धरलं तर वरचं टोक ८.८ मीटरवर येतं, तुम्ही म्हणालात तसं. रनर नकोत, त्यामुळं ११.८ वर घेतोय. भिंतीच्या पुढच्या अंगाला ८ मिमी पट्टी, सहा बोल्ट, मागच्या अंगाला तसलीच दुसरी पट्टी, वर डेकमधून डोळा बाहेर. ओढ सरळ भिंतीत. चालंल का?

आणि जिनोआ १३०, फोमसकट. जोडीची दोन शिडं रद्द.


शीडवाली (पणजी)

चालेल काका. एक सुधारणा: पट्टीचा कल स्टेच्या रेषेतच ठेवा. उभी बसवून वरचा डोळा वाकवू नका, नाहीतर ओढ आली की डोळा सरळ व्हायला बघेल आणि डेकचं सीलिंग पहिल्याच हंगामात फाटेल. डेकमध्ये भोक पाडाल तिथला बाल्सा बोटभर आत कोरून काढा आणि इपॉक्सी भरा, मग पुन्हा ड्रिल करा.


निवृत्त सारंग (रत्नागिरी)

फोरस्टेचं काय झालं? सगळं सांगितलंत, त्याबद्दल अवाक्षर नाही.


शिरोलीचा लेथवाला

सारंगकाका, तेच लिहायला बसलो होतो.

परवा पाऊस उघडला तसा विजयदुर्गला गेलो. करूळला धुकं एवढं की वायपर लावून पण बॉनेटच्या पुढं दिसेना. फर्लरच्या नळीचे स्क्रू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघेनात. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू, मधी पांढरी पावडर. शेवटी हीटगन मारून, सात निघाले, दोन ड्रिल केले. तार ओढून बाहेर काढली, चिंधी धरून वरच्या टोकापासून हात फिरवत आलो. पहिल्याच वितीत चिंधी अडकली.

१×१९ ला बाहेर बारा काड्या असतात. स्वेजच्या तोंडापासून चार बोटं खाली पीळ उलगडलाय, काड्यांमध्ये नख जाईल एवढी फट, आणि बारापैकी एक काडी तुटून बाहेर आलीय. तुटलेलं टोक लालसर, दुसरीच्या अंगावर घासून चकाकी आलेली. तो कडकन आवाज ह्याचाच होता. नंतर सहा तास मी त्याच फोरस्टेवर शीड फडफडत ठेवून आलो. मेव्हणा नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही लेथच चालवा."

स्विव्हलचं पण मोजलं. टोकापासून ७२ सेंटिमीटर खाली राहत होता.

८ मिमी वगैरे सोडून दिलंय. सगळं ७ आणि ६, होतं तसंच, खाली मेकॅनिकल टर्मिनल. एकच विचारतो, तारकामवाले. डोलकाठी उभी केल्यावर ताण किती द्यायचा? टेन्शन मोजायचं यंत्र इथं कुणाकडं नाही.


तारकाम (नवी मुंबई)

यंत्र लागत नाही, तुमच्याकडे व्हर्नियर असेलच.

कॅप श्राउड हाताने ताठ करा, ढिला एवढा की नुसता सरळ झालाय. दोन मीटरची लाकडी पट्टी घ्या, वरचं टोक तारेला टेपने पक्कं बांधा. खालचं टोक मोकळं, तारेला लागून नुसतं सरकेल असं. तिथे तारेवर बारीक खूण करा. आता टर्नबकल दोन्ही बाजूंचे आळीपाळीने पिळा. तार ताणली की खूण पट्टीच्या टोकापासून खाली सरकते. १×१९ तारेला दोन मीटरमध्ये एक मिलिमीटर सरकली म्हणजे तुटायच्या ताकदीच्या पाच टक्के ताण आला. जाडी कुठलीही असो, आकडा तोच. कॅपला तीन मिलिमीटर, म्हणजे पंधरा टक्के. आधी डोलकाठी दोन्ही बाजूंना मध्यावर आहे ना ते हॅलयार्डला वजन बांधून तपासा, नाहीतर वाकडी काठी घट्ट कराल.

मग बारा-पंधरा नॉटला बाहेर काढा. बोट वीस अंश कलली असताना वाऱ्याआडची कॅप हाताला ढिली लागता कामा नये. लागली तर अर्धा फेरा दोन्हीकडे. काम झालं की स्प्लिट पिन घालायला विसरू नका, टोकं थोडीच उघडा, आणि वर टेप. शिडं फाडणाऱ्या पिना मी जास्त बघितल्यात, तुटलेल्या तारांपेक्षा.


शिरोलीचा लेथवाला

व्हर्नियर आहे, ०.०२ चं. तीन मिलिमीटर म्हटल्यावर तीनच मिळेल.

चेनप्लेटची पट्टी आज स्पेक्ट्रोवर लागली, मॉलिब्डेनम २.१. मंगळवारी मिलिंगवर चढवतो. जुना फोरस्टे शॉपच्या दारावर खिळ्याला टांगलाय, तुटलेली काडी बाहेरच्या बाजूला. बायको येऊन बघून गेली. म्हणाली सवतीचं नाव आता ह्याला द्या.

खासबागवाल्या, नोव्हेंबरात बोट पाण्यात जाईल तेव्हा ये. पहाटे तीनला निघायचंय, उठशील का बघ.